तबकडी घ्या, पण मत लिहून परत करा

आपल्याकडे उसनवारीची लाज नाही. पाभर मागून नेतात, विरजण मागून नेतात, लग्नकार्यात सतरंज्या नि पातेली मागून नेतात. आणि वस्तू परत आणून देताना तिच्याबरोबर दोन शब्दही येतात. 'तुमचं बियाणं उगवलं झकास, पण कणीस हलकं भरलं,' असे शेजाऱ्याने सांगितले म्हणजे पुढच्या वर्षी काय पेरायचे ते आपल्याला कळते. त्यात कुणाला राग येत नाही.

गाण्याचे मात्र तसे नाही. कुणी हौसेने एखादी कॅसेट दिली, तर आपण ती ऐकतो, परत करतो आणि 'छान होती' म्हणतो. देणारा 'हो ना!' म्हणतो. विषय संपला. त्या 'छान'मधून देणाऱ्याला काही मिळाले नाही, घेणाऱ्याने काही दिले नाही. बरे, त्याने ती ऐकली तरी की नाही, हेसुद्धा कळत नाही.

या 'छान'वर उपाय म्हणून आम्ही काही मंडळींनी १९८४ साली एक वही घातली. दोनशे पानी, लांब, दुकानदार उधारीला वापरतात तसली. त्या वहीची ही हकीकत आहे.

आमचे गाव मिरज तालुक्यातले, कृष्णेच्या काठचे. मी प्राथमिक शाळेत मास्तर, घरची तीन एकर जमीन. गाण्याचे वेड असलेली घरे पंचक्रोशीत मोजून सहा. त्यात एक एस.टी.चे कंडक्टर होते, हरिपूरला हळदीच्या पेवांवर हिशेब लिहिणारे एक दिवाणजी होते, एक शिंपी होते, दोघे बागाईतदार होते. बागाईतदारांपैकी एकाच्या घरात मुख्य रसिक म्हणजे त्यांच्या वृद्ध मातोश्री. त्यांना लिहिता येत नव्हते, पण वहीतली काही उत्तम मते त्यांचीच आहेत. नातीकडून लिहवून घेत.

कॅसेट त्या काळी काही फुकट मिळत नव्हती. एका कॅसेटच्या पैशात घरचा आठवड्याचा चहा-साखर निघायचा. तेव्हा घरटी महिन्याला एकच घ्यायची आणि ती सहाही घरांत फिरवायची, असे ठरले. ने-आण कंडक्टरांकडे. त्यांच्या तिकिटांच्या पेटीशेजारच्या पिशवीत एखादी कॅसेट आणि ती वही नेहमी असायची. स्टँडवर गाडी दोन मिनिटे थांबली की आम्ही खिडकीपाशी हजर.

वहीचे नियम तीनच. देणाऱ्याने आधी दोन ओळी लिहायच्या की ही का देतो आणि यात काय ऐकावे. घेणाऱ्याने आठ दिवसांत निदान तीनदा ऐकून आपले मत लिहायचे. आणि 'छान', 'सुंदर', 'अप्रतिम' हे तीन शब्द वहीत बंद. चौथा 'बरी आहे' हा शब्दही पुढे शिंप्यांच्या आग्रहाने बंद केला, कारण कंडक्टर सारखा तोच लिहायला लागले होते.

शब्द बंद झाल्यावर माणसाची पंचाईत होते. आणि मग खरे बोलणे सुरू होते. बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या कॅसेटवर कंडक्टरांनी लिहिलेले मत माझ्यासमोर आहे. 'पहिल्यांदा वाटलं, हा माणूस गात नाही, घरात कुणाशी तरी बोलतो आहे. तिसऱ्यांदा ऐकल्यावर वाटलं, बोलतो कुठं, नुसता गातोच आहे. अजून आठ दिवस ठेवतो.' कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांवर त्या मातोश्रींचे मत एका ओळीचे आहे. 'हा मधी मधी गप बसतो, भजन त्यात हाय.' मी पुढे मोठमोठ्या लेखकांनी कुमारांविषयी लिहिलेले वाचले. या ओळीच्या पलीकडे गेलेले थोडेच.

सुलोचना चव्हाणांच्या लावण्यांची कॅसेट कोणी दिली ते वहीत नाही. परत येताना तिच्यावर फक्त एवढेच लिहिलेले आहे, 'एक बाजू ऐकली. दुसरी ऐकायच्या आत वन्संनी नेली.' हे मत धरायचे की नाही यावर बैठकीत वाद झाला. धरले.

माझी एक चूक इथेच कबूल करतो. आमच्याकडे द्राक्षबागेत छाटणीला येणाऱ्या एका पोराने प्रल्हाद शिंद्यांची कॅसेट वहीत घालायला आणून दिली. मी नाक मुरडले. शास्त्रीय आणि नाट्यसंगीत सोडून बाकी सगळे रस्त्यावरचे, अशी माझी तेव्हा समजूत होती. ती कॅसेट मी ऐकली नाही. शिंप्यांनी ऐकली आणि लिहिले, 'या माणसाचा आवाज कर्ण्याविना चौक भरतो. गुरुजींनी ऐकावी.' मी ती ऐकायला सहा महिने लावले. शिंपी बरोबर होते.

तबकडीने केलेले शिष्य

गाणे दुसऱ्यापर्यंत वस्तू म्हणून पोचवता येते, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. त्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना कोण गाते ते कळावे म्हणून गाणारा शेवटी आपले नाव मोठ्याने सांगे. गौहरजानने इंग्रजीत सांगितलेले नाव आजही त्या तबकड्यांवर ऐकू येते.

या तबकडीचा आपल्या शेतीशीही संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जुनी काळी तबकडी लाखेची. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर करतात, तो खरवडून, धुऊन, वितळवून शेलॅक करतात. त्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा पिंजर घालून तबकडी दाबत. जगभरच्या तबकड्यांना लागणारी ही लाख बरीचशी आपल्याच देशातून जात असे. आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाही लाखेचे पीक घेतात. म्हणजे बांधावरचा पळस जर्मनीला जाऊन गाणे घेऊन परत येत असे म्हणा ना!

एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे. जो राग मैफलीत तासभर चालायचा, तो गवयाला तेवढ्यात बसवावा लागे. पुष्कळ बुजुर्गांना ते कमीपणाचे वाटे. पण याच साडेतीन मिनिटांनी दूरदूरचे शिष्य केले. भीमसेन जोशी गदगचे. लहानपणी त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असे गायला यायलाच हवे म्हणून वेड घेतले. अकराव्या वर्षी, १९३३ साली, ते गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. पुढे त्यांना गुरू मिळाले ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य. बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व, लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवीत. लोक तोंडात बोट घालीत. नंतर देवधर मास्तरांकडे गेल्यावर त्यांनी नक्कल सोडून स्वतःचे शोधले.

आमच्या मिरजेला तर खाँसाहेबांचे घर. दर्ग्याच्या उरुसात अजूनही गवई येऊन हजेरी लावतात. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर कोणाची कॅसेट असेल, हे वेगळे सांगायला नको. ती दिली होती दिवाणजींनी. त्यांच्या शिफारशीच्या दोन ओळी अशा, 'शब्द ऐकू नका. आवाज कुठं पातळ होतो तेवढंच ऐका. तिथं अंगावर काटा आला नाही तर कॅसेट परत पाठवा, माझी हरकत नाही.'

याला म्हणतात शिफारस. सगळे सांगितले नाही, पण कान कुठे लावायचा ते सांगितले. आणि आपला शब्द पणाला लावला.

मी लिहिलेले वाईट मत

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

१९८७ च्या पावसाळ्यात दिवाणजींनी एक कॅसेट वहीत घातली. केसरबाई केरकरांची. ही बाजारातली नव्हती. बेळगावला त्यांच्या साडूंकडे वडिलांच्या वेळच्या तबकड्या होत्या. त्यातली 'जात कहाँ हो' ही भैरवीची तबकडी लावून, भोंग्यासमोर टेप धरून दिवाणजींनी ती भरून आणली होती. साडूंच्या घरातले सगळे आवाज तिच्यात आलेले. सुरुवातीला कावळा आणि गाणे अर्ध्याच्या पुढे गेल्यावर स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा खणखणाट. दिवाणजींनी लिहिले होते, 'भांड्याकडे लक्ष देऊ नये. माझ्याजवळ जे आहे त्यात हे सगळ्यात वरचं.'

मी ऐकली. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. केसरबाईंचे नाव काय थोडे होते! गोव्यातल्या केरी गावच्या. अल्लादिया खाँसाहेबांसारख्या कडक गुरूपुढे वर्षानुवर्षे तालीम घेतलेल्या. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. पण माझ्या टेपमधून येणारा आवाज जाड, ओढलेला, पुरुषी. भैरवी कसली, कुणीतरी जड पोते ओढत नेते आहे असे वाटले. तिसऱ्यांदा ऐकायचा नियम मी पाळला नाही. वहीत लिहिले, 'आवाज बसका. लय मेलेली. साडेतीन मिनिटांतच संपते हे बरे. भांडे पडते तेवढाच काय तो जिवंतपणा.'

हे शेवटचे वाक्य लिहून मी स्वतःवर खूश झालो होतो, हेही खरे सांगतो.

दिवाणजींनी वही वाचली. कंडक्टर सांगत होते की, त्यांनी गाडीतच वाचली, मिटली, कॅसेट शर्टाच्या खिशात घातली आणि हरिपूरला काही न बोलता उतरले. त्यानंतर पुढचा शाळूचा हंगाम उलटला तरी वहीत त्यांचे अक्षर नाही. बैठकीला येईनात. बाजारात भेटले तर 'काय गुरुजी' एवढेच. बाकीचे म्हणाले, मत ते मत, त्यात राग कसला? मीही तेच म्हणत होतो. पण माणसाने आपल्याजवळचे सगळ्यात वरचे काढून दिले आणि आपण त्यावर विनोद केला, हे मला रात्री आठवायचे.

उलगडा झाला तो आमच्या घरातूनच. मंडळींचा पहाटे भूपाळ्यांची कॅसेट लावण्याचा परिपाठ होता. पावसाळ्यात ती कॅसेट गुंतली म्हणून बरेच दिवस बंद होती. शिंप्यांनी ती पेन्सिल घालून नीट गुंडाळून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे लावली आणि चुलीपुढून हिने विचारले, 'बुवा आजारी आहेत का हो? आवाज किती खोल गेलाय!'

कॅसेट ओळखीची होती म्हणून कळले. टेप हळू चालत होता. मिरजेला दाखवायला नेला. कारागिराने आतला रबरी पट्टा काढून माझ्या तळहातावर ठेवला. सैल पडून लोंबत होता. त्यात वीज जाई तेव्हा मी जुनेच सेल घालून ऐकत असे. पट्टा सैल आणि सेल उतरलेले. फीत हळू सरकली की सूर खाली उतरतो, आवाज जाड होतो, लय मरते. मी जे जे लिहिले होते ते अक्षर न् अक्षर खरे होते. फक्त ते केसरबाईंविषयी नव्हते, माझ्या टेपविषयी होते.

बी उगवले नाही तर आपण आधी वाफसा होता का, खोल पडले का, हे बघतो आणि मग बियाण्याला नाव ठेवतो. गाण्याला नाव ठेवताना मी एवढेही केले नव्हते.

सुटीच्या दिवशी सायकल काढली आणि हरिपूरला गेलो. दिवाणजी हिशेबाला बसलेले. पट्टा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळे सांगितले. त्यांनी तो बोटाने ताणून पाहिला. म्हणाले, 'गुरुजी, तुमच्या मशिनला बरं वाटलं का आता?'

'वाटलं.'

'मग कॅसेट मी स्वतः घेऊन येतो. कंडक्टरांच्या हाती देत नाही.'

पुढच्या रविवारी आले. नवा पट्टा, वीज होती, तरी मी नवे सेल आणून ठेवले होते. आधी भूपाळी लावून चाल तपासली. मग ती भैरवी. ती काय होती ते मी वहीत लिहिले आहे, इथे सगळे लिहीत नाही. एवढेच सांगतो की, तो आवाज सरळ येतो. नटत नाही, विनवणी करत नाही. जाणाऱ्याला अडवणारे गाणे, पण अडवणारी बाई दारात ताठ उभी आहे. भांडे पडले तेव्हा दिवाणजींनी बोट वर केले आणि आम्ही दोघे हसलो.

जुने मत मी खोडले नाही. खोडायचे नाही असा वहीचा नियम नव्हता, पण दिवाणजीच म्हणाले, 'राहू द्या. खाली दुसरं लिहा आणि मधे पट्ट्याची हकीकत लिहा.' तसे लिहिले आहे. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक मतापुढे 'यंत्र तपासले' अशी खूण करण्याची पद्धत पडली.

तीच तबकडी आणखी कुठे गेली

दिवाणजींनी 'सगळ्यात वरचं' म्हटलेली ही तबकडी त्याच्या दहा वर्षे आधीच किती वर जाऊन पोचली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

१९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने आकाशात सोडली. गुरू, शनी वगैरे ग्रह पाहून ती सूर्यमालेच्या बाहेर जायची होती. पुढेमागे दुसऱ्या कोणाला ती सापडली तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी बसवली. तिच्यावर साऱ्या जगातले मिळून २७ संगीताचे नमुने, सुमारे दीड तासाचे. ते निवडायला कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने एक छोटी मंडळी बसली होती.

भारताचे काय घ्यायचे? इथे पुन्हा शिफारसच कामाला आली. रॉबर्ट ब्राउन नावाचे संगीताचे अमेरिकन अभ्यासक होते, भारतीय संगीत जाणणारे. त्यांनी सांगितले, केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' घ्या. पण तबकडी मिळेना. ती बाजारातून गेलेली. निवड मंडळातल्या ॲन ड्रुयन न्यूयॉर्कची दुकाने शोधत हिंडल्या. शेवटी लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचे विजेच्या घरगुती वस्तूंचे दुकान होते, तिथे मागच्या बाजूला पत्त्यांच्या टेबलाखाली एका खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती निघाल्या. आम्ही मिरजेच्या जुन्या बाजारात असेच खोक्यांत हात घालत होतो. त्या टेबलाखालच्या खोक्याचे वाचले तेव्हा मला ती बाई आमच्या वहीतलीच वाटली.

'व्हॉयेजर १' निघाले ५ सप्टेंबर १९७७ ला. १६ सप्टेंबरला केसरबाई वारल्या. ते यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले आणि आज ते २४०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. त्या सोन्याच्या तबकडीवर भारतातले हे एकच गाणे.

मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. त्या तबकडीच्या झाकणावर चित्रे काढून दाखवले आहे की ती किती वेगाने फिरवायची. एक फेरी ३.६ सेकंदांत. सेकंद म्हणजे काय हे परक्याला कसे कळावे, म्हणून ते हायड्रोजनच्या अणूवरून मोजायची खूणही तिथे आहे. एवढ्या दूर पाठवायचे तर ऐकणाऱ्याचा पट्टा सैल असू नये, याची त्यांनी काळजी घेतली.

माळ्यावर तबकड्या असतील तर

वाचकांपैकी कित्येकांच्या माळ्यावर आजोबांच्या वेळचा फोनो आणि तबकड्या धूळ खात असतील. भंगारात घालण्याआधी थोडे ऐका.

लाखेची तबकडी स्पिरिटने कधीही पुसू नये. लाख स्पिरिटात विरघळते, गाणे कायमचे जाते. कोमट नव्हे, साध्या गार पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून मऊ फडक्याने गोल, रेघांच्या दिशेने पुसावी. मधला कागद भिजू देऊ नये. ओल टिपून सावलीत सुकवावी. उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवलेली तबकडी वाकडी होते. एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. पडली की ती काचेसारखी फुटते, हे मुलांना सांगून ठेवावे.

फोनोची पोलादी पिन एका बाजूला एक, असा जुना नियम आहे. झिजलेली पिन वापरली की खरखर वाढते आणि तबकडीही घासते. आणि चावी पूर्ण द्यावी. अर्धवट चावीवर गवई शेवटच्या मिनिटाला पेंगायला लागतो. 'अठ्ठ्याहत्तरची' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सगळ्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांना भरलेल्या नसत, काही थोड्या कमी-जास्त वेगाच्या असत. तेव्हा आवाज फार किनरा किंवा फार जाड वाटला तर आधी वेग बघावा. नंतरच्या लवचीक, लांब चालणाऱ्या तबकड्यांवर मात्र ही पोलादी पिन चुकूनही टेकवू नये.

कॅसेटवाल्यांनी वर्षातून एकदा प्रत्येक कॅसेट पुढे-मागे पूर्ण फिरवून ठेवावी. टेपचे डोके कापसाला स्पिरिट लावून पुसावे. इथे स्पिरिट चालते, पण बाटली तबकड्यांपासून लांब.

आमच्या काळी एकमेकांच्या कॅसेटवरून आम्ही प्रती करीत असू. ते कायद्यात बसत नव्हते आणि आम्हांला ते ठाऊकही नव्हते. जुन्या तबकड्यांचे तसे नाही. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे असतो. म्हणून आजोबांच्या तबकडीवरचे मूळ मुद्रण बहुधा सर्वांना खुले झालेले असते. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्थाच काढली. कोणत्या तबकडीच्या मागे काय आहे, कोणती कोणाकडे आहे, याची देवाणघेवाण आणि त्यावर लिहिणे हे त्या मंडळींचे काम. आमच्या वहीचे हे शहरातले मोठे भावंड.

आता मोबाइलवर सगळे मिळते. पुतण्या मला रोज दहा गाणी पाठवतो, खाली अंगठा. मी त्याला सांगितले, बाबा रे, दहा नको, एक पाठव. पण ते का पाठवलेस ते लिही. गेल्या महिन्यात त्याने पहिल्यांदा तीन ओळी लिहिल्या. गाणे मला आवडले नाही. तसे मी सविस्तर कळवले. त्यावर त्याचे चार ओळींचे उत्तर आले. म्हणजे गाडी रुळावर आहे.

वही राहिली

वही बारा वर्षे चालली. कंडक्टर निवृत्त झाले, मातोश्री गेल्या, घरोघर टी.व्ही. आले. वही माझ्या कपाटात पडून राहिली.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांत पाणी शिरले. ज्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राही, ती पाण्याने भरली. दिवाणजींच्या घरात छातीइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर मी गेलो, तेव्हा ते अंगणात चिखलाने भरलेली एक पेटी उघडी टाकून बसले होते. तीत त्यांच्या कॅसेट. फिती बाहेर येऊन एकमेकींत अडकलेल्या, जशा नदीकाठच्या झुडपांना चिंध्या अडकतात. साडूंच्या तबकड्या कधीच विकल्या गेल्या होत्या. म्हणजे ती भैरवी गेली.

दिवाणजी म्हणाले, 'माझ्याकडं काय काय होतं तेही आता आठवणार नाही.'

मी घरी येऊन वही काढली. त्यांनी दिलेल्या प्रत्येक कॅसेटची नोंद त्यांच्याच अक्षरात, का दिली यासकट. एकूण एकोणचाळीस. यादी केली आणि शिंप्यांकडे, बागाईतदारांकडे, कंडक्टरांच्या मुलाकडे फिरलो. कोणाकडे प्रत होती, कोणी आपलीच कॅसेट काढून दिली. दिवाळीपर्यंत एकोणचाळीसपैकी एकतीस जमल्या. छाटणीच्या त्या पोराने, आता त्याची स्वतःची बाग आहे, प्रल्हाद शिंद्यांची नवी कोरी आणून दिली.

केसरबाई मात्र मिळाल्या नाहीत. त्या आल्या पुष्कळ वर्षांनी, दिवाणजींच्या नातवाच्या मोबाइलवर. कोणा जाणकाराने चांगल्या तबकडीवरून उतरवून घेतलेले, स्वच्छ मुद्रण. नातवाने मला बोलावून घेतले. दिवाणजींना आता कमी दिसते, पण कान शाबूत आहेत. त्यांना मी व्हॉयेजरची हकीकत पूर्वीच सांगितली होती. त्यांनी विचारले, 'वेग बरोबर आहे का रे?' नातू म्हणाला, 'आजोबा, यात पट्टा नसतो.' 'तरी बघ,' म्हणाले.

गाणे सुरू झाले. कावळा नव्हता. खरखरही फारशी नव्हती. दिवाणजी डोळे मिटून बसले होते. निम्म्याच्या पुढे गेल्यावर त्यांनी बोट वर केले आणि तसेच धरून ठेवले. गाणे पुढे गेले, संपले. बोट वरच होते.

मी वही बरोबर नेली होती. म्हटले, 'सांगा दिवाणजी, लिहून घेतो.'

थोडा वेळ थांबून म्हणाले, 'लिहा. आवाज स्वच्छ. वेग तपासला. भांडं पडत नाही.'